तिकीट मतदार देतात तेव्हा: डेमोक्रॅटिक पक्षातली मवाळ-पुरोगामी लढत कशी वाचावी

आपल्याकडे तिकीट म्हणजे ए-बी फॉर्म. तो कुणाच्या हाती पडला हे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी कळते आणि ज्याच्या हाती पडला नाही तो बंडखोरी करतो, नाहीतर घरी बसतो. अमेरिकेत असा फॉर्मच नाही. पक्षाचा उमेदवार कोण, हे प्रायमरी नावाच्या निवडणुकीत मतदार ठरवतात आणि ती निवडणूक बहुतेक ठिकाणी सरकारी यंत्रणाच घेते. त्यामुळे डेमोक्रॅटिक पक्षातले मवाळ आणि पुरोगामी यांचे भांडण कुणा श्रेष्ठीच्या बंगल्यावर मिटत नाही. ते मतपत्रिकेवर येते, त्यावर खर्च होतो आणि त्या खर्चाची नोंद सगळ्यांना पाहता येते. नोंद उघडी असली तरी ती वाचायला थोडी सवय लागते. ती कशी करायची, ते इथे दिले आहे.

आधी शब्द. 'पुरोगामी' आणि 'मवाळ' ही जोडी चालेल, 'जहाल-मवाळ' नको. ती सुरतेची जोडी आहे आणि तिच्यात एक खोच आहे. १९०७ चे जहाल राजकारणात जहाल होते, समाजसुधारणेत नव्हेत. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांचा विरोध होता आणि सुधारकांची बाजू घेणारे गोखले राजकारणात मवाळ. अमेरिकेतही एकाच माणसाचे दोन मोजपट्ट्यांवर दोन आकडे निघतात, पण आपण 'जहाल' म्हटले की सगळे एकाच पट्टीवर बसवतो. आरोग्यविमा सरकारने चालवावा की नाही, इस्रायलला शस्त्रे द्यावीत की नाही, पोलिसांचा खर्च, क्रिप्टो कंपन्यांवरचे नियम, खासदाराचे वय, ट्रम्प यांच्याशी किती आवाज चढवून भांडायचे, हे सगळे वेगळे प्रश्न आहेत. आधी लढत यांपैकी कशावर आहे ते ठरवा.

अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, दोन सभागृहे: प्रतिनिधिगृह आणि सिनेट. प्रतिनिधिगृहात या प्रवाहांचे अधिकृत गट आहेत. प्रोग्रेसिव्ह कॉकस १९९१ मध्ये निघाला आणि त्याच्या संस्थापकांत बर्नी सँडर्स होते. १९९५ चा ब्लू डॉग गट सर्वांत सनातनी डेमोक्रॅटांचा, आता अगदी लहान. न्यू डेमोक्रॅट कोअलिशन उद्योगस्नेही मध्यममार्गींचा. नवशिक्या वाचक या याद्या घेऊन शिक्के मारत सुटतो आणि तिथेच फसतो, कारण काही सदस्य प्रोग्रेसिव्ह आणि न्यू डेमोक्रॅट अशा दोन्ही गटांत असतात. पुरोगामी मतदारसंघातल्या सावध खासदाराला दोन्हीकडची पाटी सोयीची पडते. गटाचे सदस्यत्व हा पुरावा नव्हे. फार तर ती चौकशीची सुरुवात.

मतदारसंघ आधी, उमेदवार नंतर

कुक पॉलिटिकल रिपोर्ट ही निवडणूक-विश्लेषण करणारी संस्था प्रत्येक मतदारसंघाला एक आकडा देते. 'डी अधिक ५' म्हणजे गेल्या दोन अध्यक्षीय निवडणुकांत तो मतदारसंघ देशाच्या सरासरीपेक्षा साधारण पाच टक्के जास्त डेमोक्रॅटिक राहिला. माझा ढोबळ नियम असा: आकडा १५ च्या वर असेल तर प्रायमरी हीच खरी निवडणूक, कारण नोव्हेंबरात रिपब्लिकन उमेदवार नावालाच असतो. पुरोगामी आव्हाने बहुतेक इथेच उभी राहतात. आकडा ५ च्या आत असेल तर वाद धोरणावरून सरकतो आणि 'निवडून कोण येईल' यावर येऊन थांबतो.

ओरेगनचा पाचवा मतदारसंघ यासाठी उत्तम. २०२२ मध्ये जेमी मॅक्लिऑड-स्किनर यांनी मवाळ खासदार कर्ट श्रेडर यांना प्रायमरीत पाडले आणि नोव्हेंबरात त्या स्वतः रिपब्लिकन लोरी चावेझ-डीरीमर यांच्याकडून हरल्या. २०२४ मध्ये पक्षाच्या प्रचार समितीने जनेल बायनम यांच्या पाठीशी जोर लावला. बायनम यांनी आधी मॅक्लिऑड-स्किनर यांना आणि मग चावेझ-डीरीमर यांना हरवले. मवाळ हे उदाहरण दर सभेत देतात. पुरोगामी उलट विचारतात, की ज्या श्रेडरांनी औषधांच्या किमती कमी करण्याच्या तरतुदीत खोडा घातला, ते राहिले असते तर जागा राखून मिळाले काय असते? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. वाचकाने उत्तर ठरवण्याआधी मतदारसंघाचा आकडा पाहावा, एवढेच.

मग मतदान किती होते ते काढा. २६ जून २०१८ ला न्यू यॉर्कच्या चौदाव्या मतदारसंघात पुरोगामी अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ यांनी जो क्राउली यांना पाडले. क्राउली पक्षाच्या सभागृहातल्या उतरंडीत चौथे होते. सुमारे सात लाख वस्तीच्या मतदारसंघात दोघांची मिळून मते ३० हजारांच्या आत, विजेतीला १७ हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या मतांत मोठ्या महापालिकेतला एखादा प्रभाग निघतो. प्रायमरीत दारोदार फिरणारे दोनशे स्वयंसेवक का भारी पडतात, ते या आकड्यात आहे.

नियम वाचल्याशिवाय निकालावर बोलू नये

हा भाग कंटाळवाणा आहे आणि चुका सर्वांत जास्त इथेच होतात. बहुतेक राज्यांत सर्वाधिक मते मिळाली की झाले, निम्मी लागत नाहीत. मग ज्या बाजूचे उमेदवार जास्त, तिची मते फुटतात. २०२२ मध्ये न्यू यॉर्कच्या दहाव्या मतदारसंघात मध्यममार्गी डॅन गोल्डमन साधारण २६ टक्क्यांवर निवडून आले. पुरोगामी यू-लिन नियू २४ टक्क्यांच्या जवळ होत्या आणि त्यांच्यामागे पुरोगामी म्हणवणारे आणखी उमेदवार होतेच. याला 'मवाळांचा विजय' म्हणणे म्हणजे तिरंगी लढतीत निवडून आलेल्याला लाट म्हणण्यासारखे.

त्याच शहरात महापौराच्या प्रायमरीला मात्र पसंतीक्रम चालतो. मतदार पाच नावांपर्यंत क्रम देतो आणि तळाचा उमेदवार बाद झाला की त्याची मते पुढच्या पसंतीला जातात. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांना हे नवे नाही. जून २०२५ मध्ये झोहरान ममदानी आणि ब्रॅड लँडर या दोन पुरोगामींनी एकमेकांना दुसरी पसंती देण्याचे आवाहन केले. ममदानी पहिल्या पसंतीत ४४ टक्क्यांच्या आत होते, शेवटच्या फेरीत मवाळ अँड्र्यू कुओमो यांच्याविरुद्ध ५६ वर पोचले. लोकसभेसारख्या जागांच्या प्रायमरीला न्यू यॉर्कमध्ये हा नियम नाही. म्हणून ममदानींचे गणित उचलून काँग्रेसच्या लढतीला लावू नका.

टेक्सासमध्ये ५० टक्के लागतात, नाहीतर पहिल्या दोघांची फेरनिवडणूक. २०२२ मध्ये मवाळ खासदार हेन्री क्वेयार पहिल्या फेरीत काठावर अडकले आणि मेमधल्या दुसऱ्या फेरीत, फेरमोजणीनंतर, पुरोगामी जेसिका सिस्नेरोस यांच्यापेक्षा २८९ मतांनी पुढे राहिले.

कॅलिफोर्नियात पक्षाची वेगळी प्रायमरीच नाही. सगळे एकाच मतपत्रिकेवर, पहिले दोघे नोव्हेंबरात. इथे एक जुना डाव चालतो. २०२४ च्या सिनेटच्या लढतीत ॲडम शिफ यांच्या जाहिराती रिपब्लिकन स्टीव्ह गार्वी यांच्यावर टीका करत होत्या. टीकेचा खरा परिणाम असा, की गार्वी हेच कट्टर उमेदवार आहेत हे रिपब्लिकन मतदारांना कळले, ते दुसऱ्या क्रमांकावर आले आणि पुरोगामी केटी पोर्टर बाहेर पडल्या. नोव्हेंबरात शिफना सोपा प्रतिस्पर्धी मिळाला. जाहिरात कुणाविरुद्ध आहे यापेक्षा ती कोणत्या मतदाराला दाखवली जाते ते पाहा.

पैसा: अहवाल आणि मुदती

निवडणुकीतल्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल इलेक्शन कमिशन या सरकारी आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवाराचे नाव टाकले की त्याच्या समितीचे अहवाल निघतात. उमेदवाराच्या समितीचा अहवाल फॉर्म ३ वर असतो. दुसऱ्या संघटनांचा फॉर्म ३एक्सवर. पूर्ण अहवाल दोनशे पानांचा असला तरी पहिल्या चार पानांवर सारांश असतो आणि तेवढ्यात काम भागते.

ओळ ११ए मध्ये व्यक्तींच्या देणग्या. तिचे दोन भाग: एका निवडणूकचक्रात २०० डॉलरपेक्षा जास्त देणाऱ्यांची नावनिशी नोंद, आणि त्याखालच्यांची एकगठ्ठा रक्कम. दुसरा भाग पहिल्याच्या निम्म्याहून मोठा असेल तर उमेदवाराकडे छोट्या देणगीदारांची खरी फळी आहे. ओळ ११सी मध्ये इतर समित्यांचा पैसा, म्हणजे मुख्यतः उद्योग आणि संघटनांच्या पॅक (निवडणुकीत पैसा देण्यासाठी काढलेल्या समित्या). 'मी कॉर्पोरेट पॅकचा पैसा घेत नाही' असे म्हणणाऱ्याची ही ओळ उघडून पाहावी. कामगार संघटनांच्या पॅक त्यात असू शकतात आणि त्यामुळे तो खोटा ठरत नाही. ओळ ११डी उमेदवाराची स्वतःची देणगी, ओळ १३ए त्याने समितीला दिलेले कर्ज. शेवटी हातातली शिल्लक आणि देणे. प्रायमरीच्या सहा आठवडे आधी शिल्लक किती आहे, हे जमवलेल्या एकूण रकमेपेक्षा महत्त्वाचे. एका व्यक्तीला २०२५-२६ च्या चक्रात एका उमेदवाराला प्रत्येक निवडणुकीसाठी ३,५०० डॉलरच देता येतात आणि प्रायमरी व मुख्य निवडणूक वेगळ्या धरतात. म्हणून ७,००० डॉलरची देणगी दिसली तर त्यातले निम्मे प्रायमरीत वापरता येत नाहीत. बड्या देणगीदारांवर चालणाऱ्या उमेदवाराची शिल्लक त्यामुळे फुगलेली दिसते.

इथली नेहमीची चूक म्हणजे ॲक्टब्लू. डेमोक्रॅटांच्या बहुतेक ऑनलाइन देणग्या या यंत्रणेतून येतात आणि यादीत तिचेच नाव लाखोंच्या रकमेपुढे दिसते. 'ॲक्टब्लू नावाच्या बड्या संघटनेने उमेदवार विकत घेतला' असे फॉरवर्ड फिरतात. ती फक्त वाहक आहे. पैसा ज्याने दिला त्याच्या नावावर धरायचा.

आता उमेदवाराबाहेरचा पैसा. सुपर पॅक म्हणजे उमेदवारापासून वेगळा प्रचार करणारी समिती. तिच्यावर खर्चाची मर्यादा नाही, अट एवढीच की उमेदवाराशी संगनमत नको. हा खर्च शेड्यूल ई वर दिसतो आणि पटकन दिसतो. मतदानाला २० दिवसांहून जास्त असतील तर १०,००० डॉलरचा खर्च झाल्यावर ४८ तासांत कळवावा लागतो. शेवटच्या २० दिवसांत १,००० डॉलरवर २४ तासांत. म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत शेड्यूल ई रोज उघडा. प्रत्येक नोंदीपुढे उमेदवाराच्या बाजूने की विरुद्ध तेही असते.

पैसा खर्च झाल्याचे लगेच कळते. कुणी दिला ते मात्र लगेच कळत नाही, आणि खरी मेख तीच. उमेदवाराचा प्रायमरीपूर्व अहवाल मतदानाच्या १२ दिवस आधी येतो आणि त्यात २० दिवस आधीपर्यंतचाच हिशेब असतो. त्यानंतर उमेदवाराला मिळालेल्या १,००० डॉलर आणि वरच्या देणग्यांची ४८ तासांची सूचना असते, पण सुपर पॅकला तीही नाही. मग ऐन वेळी गोड नावाची नवी समिती निघते, लाखो डॉलरच्या जाहिराती करते आणि तिचे देणगीदार निकालानंतर कळतात. अशी समिती दिसली की तिच्या नोंदणी अर्जावरचा खजिनदार आणि बँक पाहा, मग शेड्यूल ई वर जाहिराती कोणत्या कंपनीने बनवल्या ते पाहा. तीच कंपनी आणखी कुणाचे काम करते, यावरून बऱ्याचदा आधीच अंदाज येतो.

जाहिरातीचा विषय आणि पैशाचा विषय एक नसतो. २०२४ मध्ये युनायटेड डेमोक्रसी प्रोजेक्ट या इस्रायल-समर्थक सुपर पॅकने पुरोगामी खासदार जमाल बोमन यांच्या न्यू यॉर्कमधल्या लढतीत दीड कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला आणि बोमन जॉर्ज लॅटिमर यांच्याकडून हरले. मिसूरीत पुरोगामी खासदार कोरी बुश यांच्याविरुद्ध ८० लाखांवर खर्च झाला, त्या वेस्ली बेल यांच्याकडून हरल्या. दोन्हीकडच्या जाहिरातींत इस्रायल जवळपास नव्हतेच. भर कशावर? तर हे दोघे बायडेन यांच्या पायाभूत सुविधांच्या विधेयकाविरुद्ध मत देऊन बसले होते, त्यावर. पोर्टर यांच्याविरुद्ध क्रिप्टो उद्योगाच्या फेअरशेक पॅकने सुमारे एक कोटी खर्च केले, तेही क्रिप्टोचे नाव न घेता. फक्त पैशाने पाडले असेही म्हणू नये. बोमन यांचा मतदारसंघ फेररचनेत बदलला होता आणि लॅटिमर स्थानिक काउंटीचे लोकप्रिय प्रशासक होते. पैसा असलेली भेग रुंद करतो.

बोमन-बुश यांचे ते मत कुठले होते?

५ नोव्हेंबर २०२१ चे. भांडण सभागृहात कसे चालते ते कळायला हा एक प्रसंग पुरे. पायाभूत सुविधांचे विधेयक सिनेटने ऑगस्टमध्ये ६९ विरुद्ध ३० ने मंजूर केले होते. मवाळांना ते ताबडतोब हवे होते. पुरोगामींची अट: बालसंगोपन, हवामान, आरोग्य यांचे मोठे विधेयक सोबत आल्याशिवाय नाही. आकडा साडेतीन लाख कोटी डॉलरपासून सुरू झाला आणि सिनेटर जो मँचिन यांच्यापायी निम्म्यावर आला. सिनेटमध्ये ५०-५० असल्याने त्यांचे एक मत नकाराधिकारच होते. शेवटी मवाळांच्या एका गटाने लेखी शब्द दिला, की खर्चाचा अधिकृत अंदाज आला की मोठ्या विधेयकाला मत देऊ. प्रोग्रेसिव्ह कॉकसच्या तेव्हाच्या अध्यक्ष प्रमिला जयपाल यांनी तो मान्य केला आणि पहिले विधेयक २२८-२०६ ने गेले. सहा डेमोक्रॅट विरोधात राहिले, बोमन आणि बुश त्यांत होते. १३ रिपब्लिकनांनी बाजूने मत दिल्यामुळेच ते तरले. मवाळांनी शब्द पाळला, मोठे विधेयक प्रतिनिधिगृहात नोव्हेंबरातच मंजूर झाले. डिसेंबरात मँचिन यांनी टीव्हीवर नाही म्हटले आणि ते मेले. त्यातला काही भाग ऑगस्ट २०२२ मध्ये दुसऱ्या नावाने आला.

यातून कामाचे एवढे घ्या: दोन विधेयके बांधलेली असेपर्यंतच दबाव असतो, एक सुटले की संपतो. आणि शब्द कुठल्या सभागृहातल्या माणसाने दिला ते पाहायचे. प्रतिनिधिगृहातल्या शब्दाने सिनेटर बांधला जात नाही.

खासदाराचा खरा रंग अंतिम मतदानात क्वचितच दिसतो. तिथे सगळे पक्षासोबत असतात. दुरुस्त्या शोधा. ५ मार्च २०२१ ला सँडर्स यांनी किमान वेतन तासाला १५ डॉलर करण्याची दुरुस्ती मांडली आणि ती ४२-५८ ने पडली. डेमोक्रॅटांच्या बाकावरचे आठ जण विरोधात होते. वर्तमानपत्रांत दोनच नावे गाजत होती, मँचिन आणि सिनेटर कर्स्टन सिनेमा. बाकी सहा त्यांच्या आडोशाला उभे होते. पक्षांतर्गत निवडींचे मतदान गुप्त असते, फक्त बेरीज कळते: डिसेंबर २०२४ मध्ये देखरेख समितीतल्या पक्षाच्या प्रमुखपदासाठी जेरी कॉनली यांना १३१ आणि ओकासिओ-कॉर्टेझ यांना ८४. प्रोग्रेसिव्ह कॉकसमध्ये नव्वदीच्या वर सदस्य असताना ८४, यावरून पाटी आणि मत यांतले अंतर मोजा.

बेळगावकरांवर करून पाहा

मराठी वाचकाला सरावाला सर्वांत जवळचा मतदारसंघ मिशिगनचा तेरावा, डेट्रॉइटचा. खासदार बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. वर सांगितलेली प्रत्येक पायरी त्यांच्यावर लावून पाहा आणि शिक्के कसे गळून पडतात ते दिसेल. २०१८ मध्ये ते गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत पुरोगामी म्हणून उतरले, सरकारी आरोग्यविम्याच्या बाजूने. ग्रेचेन व्हिटमर आणि अब्दुल अल-सय्यद यांच्या मागे तिसरे आले. पैसा बव्हंशी स्वतःचा. २०२२ मध्ये काँग्रेसच्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते, ठाणेदार २८ टक्क्यांवर जिंकले. युनायटेड डेमोक्रसी प्रोजेक्टने त्या वेळी त्यांच्याविरुद्धच्या ॲडम हॉलियर यांच्यासाठी ४० लाखांच्या आसपास खर्च केला होता. २०२६ च्या प्रायमरीसाठी मात्र डावीकडच्या जस्टिस डेमोक्रॅट्सनी राज्य विधिमंडळाचे सदस्य डोनावन मॅकिनी यांना ठाणेदारांविरुद्ध उभे केले. आठ वर्षांत माणूस एका बाजूच्या यादीतून दुसऱ्या बाजूच्या निशाण्यावर.

पण इथे फक्त मवाळ-पुरोगामी चष्मा लावलात तर निम्मी गोष्ट सुटेल. कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या डेट्रॉइटला ठाणेदार निवडून आल्यावर १९५५ नंतर पहिल्यांदा कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. तिथला बराच राग धोरणाचा नाही, प्रतिनिधित्वाचा आहे. तो मतपत्रिकेच्या कोणत्याही रकान्यात लिहिलेला नसतो, स्थानिक चर्च आणि संघटनांच्या पाठिंब्याच्या याद्यांत दिसतो.

तिथे राहत असाल तर

मत फक्त नागरिकाला. ग्रीन कार्डवाल्याने वाहनपरवाना काढताना समोर आलेल्या मतदारनोंदणीच्या चौकटीत खूण करू नये. चुकून केली तरी पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ती गळ्याशी येते. देणगी नागरिक आणि ग्रीन कार्डवाला देऊ शकतो, एच-१बी वाला नाही. पुण्याहून भावाने पाठवलेले पैसे आपल्या नावावर देणे हा तर दुहेरी गुन्हा: परकीय पैसा आणि दुसऱ्याच्या नावाने देणगी. एच-१बी वर असलेल्याला बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करता येतात, दारे ठोठावता येतात. प्रचाराच्या पैशाबद्दलचे निर्णय घेण्यात भाग घेता येत नाही.

मिशिगनमध्ये पक्षनोंदणी नाही, पण प्रायमरीच्या मतपत्रिकेवर एकाच पक्षाच्या रकान्यात खुणा करायच्या. दोन्हीकडे केल्या तर तो भाग बाद. न्यू यॉर्कची प्रायमरी बंद आहे, म्हणजे डेमोक्रॅट म्हणून नोंद असलेल्यांनाच मत. आधीच नोंद असलेल्या मतदाराला पक्ष बदलायचा तर अर्ज १४ फेब्रुवारीपर्यंत पोचला पाहिजे, आणि प्रायमरी जूनच्या चौथ्या मंगळवारी असते. चर्चा तापते मे महिन्यात. तोवर अपक्ष म्हणून नोंद असलेल्याच्या हाती बघण्यापलीकडे काही उरत नाही.